शॉक गळतोय? आधी रॉड कुठून घासलाय ते बघा

गेल्या महिन्यात या सदरात इंडस्ट्रियल शॉक अॅब्सॉर्बर कसा निवडायचा यावर थोडं लिहिलं होतं. मोटरसायकलचा शॉकअप नव्हे हो, मशीनच्या स्लाइडच्या शेवटी बाहेरून आटे असलेली नळी आणि पुढे चकचकीत रॉड असतो ना, सिलिंडरने ढकललेलं वजन धाडकन आदळू नये म्हणून, तो. त्यावर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे कुठला शॉक घेऊ असं फार कमी जणांनी विचारलंय, बहुतेकांचं रडगाणं एकच, की घेतलेला टिकत नाही. वाचता वाचता लक्षात आलं की बऱ्याच ठिकाणी शॉक बरोबर घेतलाय पण तो कशात बसवला, त्याच्या रॉडवर काय उडतंय आणि शेवटी वजन नक्की कशावर थांबतंय, तिकडे कोणी बघितलेलंच नाही. म्हणून या वेळी सगळं सदर त्यावरच.

प्रश्न : आमच्याकडे रोबो वेल्डिंगचं फिक्श्चर आहे, स्लाइड परत येते तिथे एम२० चे (म्हणजे बाहेरचे आटे २० एमएमचे) दोन शॉक आहेत. स्पॅटर (वितळलेल्या धातूचे थेंब) उडून रॉड खराब होतो म्हणून आधी रबरी बेलो (चुण्यांचं लवचिक आवरण) लावले, ते पंधरा दिवसात चाळणी झाले. मग स्टीलचं कव्हर मागवलं, तेही दोन महिन्यात खालच्या कडेला फुललंय आणि आता शॉक पूर्ण दबतच नाही, ठक्क असा आवाज येतो. कव्हर बोगस आहे का?
– मेंटेनन्स सुपरवायझर, चाकण

उत्तर : कव्हर बोगस नाहीये, त्याला सरकायला जागाच दिलेली नाही. पत्रासोबत तुम्ही फोटो पाठवलाय त्यात शॉक प्लेटमधून पुढे जेमतेम दहा-बारा एमएम डोकावतोय आणि चेकनटही (शॉक जागेवर आवळून धरणारा नट) पुढच्याच बाजूला आहे. आता बघा, हे स्टीलचं कव्हर म्हणजे उलटी वाटी असते, रॉडच्या टोकाला बसते आणि रॉड आत गेला की ती वाटी शॉकच्या अंगावरून मागे सरकते. तुमचा स्ट्रोक, म्हणजे रॉड आत जातो तेवढं अंतर, १५ एमएम असेल तर वाटीला मागे यायला ते १५ एमएम आणि वर मुळातच ती जेवढी अंगावर चढलेली असते तेवढं, एवढी मोकळी जागा नटाच्या पुढे पाहिजेच. तुमच्याकडे वाटी नटावर जाऊन आपटतेय, म्हणजे स्टॉपर म्हणून ती बिचारी मार खातेय, कड फुलणारच.

चेकनट प्लेटच्या मागे घ्या आणि शॉक पुढे काढा. पुढे काढल्यावर स्लाइडची थांबायची जागा बदलेल हे उघड आहे, मग प्लेट तेवढी मागे सरकवावी लागेल, त्याला इलाज नाही. आणि एक, स्टीलचं कव्हर लावलं की त्याच शॉकवर स्टॉप कॉलर (शॉकवर चढणारी, स्लाइडला थांबवणारी बाही) साधारणपणे बसत नाही कारण दोघांची जागा एकच, तेव्हा स्लाइडला थांबवायला शेजारी वेगळा ठोकळा द्या. कव्हर मागवताना अजून एक बघून घ्यायचं, रॉडच्या टोकाचं बटन निघतं का. काही मॉडेलांमध्ये ते निघत नाही, तिथे कव्हरसाठीचं मॉडेलच वेगळं मागवावं लागतं, नाहीतर कव्हर स्टोअरमध्ये धूळ खात पडतं आणि परचेसवाला तुमच्याकडे बघत बसतो.

रबरी बेलो वेल्डिंगजवळ लावू नका, विषय संपला. धूळ, पीठ, भुसा, लाकडाचा कीस, तिथे बेलो चांगला. ठिणगी उडते तिथे पत्रा.

प्रश्न : सीएनसी ग्राइंडिंग मशीनच्या लोडरवर एम१४ चा शॉक आहे. कुलंट (जॉब गार ठेवायला सोडतात तो द्रव) पडतो म्हणून बेलो लावला तरी तीन-चार महिन्यात शॉक मऊ पडतो आणि रॉडवर पांढरट दुधासारखं काहीतरी येतं. ब्रँड बदलून पाहिला, तेच.
– ग्राइंडिंग शॉप चालवणारा, भोसरी

उत्तर : तो दुधी थर दिसला ना, तिथेच उत्तर मिळालं. पाण्यात मिसळायचा कुलंट रॉडला चिकटून सीलच्या आत जातोय आणि आतल्या तेलात घुसळला जाऊन त्याचं ताक होतंय. तेल पातळ झालं की शॉक मऊ पडतो, त्यात ब्रँडचा काय दोष.

आता बेलो असूनही कुलंट आत कसा गेला, तर बेलोमुळेच गेला असं म्हटलं तरी चालेल. बेलो हा भाताच असतो, रॉड आत गेला की दबून हवा बाहेर टाकतो, रॉड बाहेर आला की हवा आत ओढतो, आणि तुमच्या लोडरभोवती हवा म्हणजे कुलंटचं धुकंच. एकदा आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट नाही, त्यात ग्राइंडिंगची बारीक पूड, म्हणजे रॉडभोवती आयती लॅपिंग पेस्ट (धातू घासायचा लगदा) तयार. तुम्ही बेलो काढून बघा, आत चमचाभर काळा गाळ नसेल तर मला कळवा.

मी तुमच्या जागी असतो तर आधी एकच गोष्ट बघितली असती, शॉक तिथून हलवता येतो का. लोडरची आर्म मशीनच्या आतपर्यंत जाते पण तिची गाडी बाहेरच्या रेलवर असते, मग शॉकही बाहेरच गाडीला मारू द्या, आत कशाला ठेवता. अर्धे प्रश्न तिथेच मिटतात. ते शक्य नसेल तर हवेची कॉलर मिळते, शॉकच्या पुढच्या तोंडावर बसते, तिला एअर कनेक्शन द्यायचं आणि रॉडच्या भोवतीने सतत थोडी थोडी हवा बाहेर येत राहते, म्हणजे कुलंट सीलपर्यंत पोचतच नाही. पण हवा लाइनच्या पूर्ण प्रेशरने नाही द्यायची, वेगळा छोटा रेग्युलेटर लावून कमी दाबाची, आणि फिल्टर होऊन आलेली कोरडी हवा. लाइनमध्येच पाणी असेल तर तुम्ही स्वतःच्या हाताने सीलवर पाणी मारताय. हवा फुकट जाते म्हणून ओरड होईल, तर त्या हवेच्या लाइनला सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा) लावून तो कुलंट पंपाच्या सिग्नलला जोडा आणि पंप बंद झाल्यावर मिनिटभर उशिराने बंद होईल असा टायमर द्या, निथळणारं थांबेपर्यंत.

कुलंटसाठी वेगळ्या सीलचे शॉकही येतात, पण घेताना नीट विचारा की कुठल्या कुलंटसाठी. त्यातले काही फक्त निव्वळ कटिंग ऑइलला चालतात, पाण्याच्या इमल्शनला नाही, आणि तुमच्याकडे पाण्याचाच आहे. बेलो ठेवायचाच असेल तर त्याचं श्वासाचं भोक खालच्या बाजूला करा, निदान आत गेलेलं गळून तरी जाईल.

प्रश्न : शॉकसाठी प्लेटला टॅप मारला (भोकात आटे पाडले) तर शॉक दोन आटे जाऊन अडकतो. भोक बरोबर आहे. टॅप नवीन आहे.
– आयटीआय फिटर, कुपवाड

उत्तर : टॅप नवीन आहे पण पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, कुठला? एम२० चा दुकानात नुसता मागितला की २.५ पिचचा देतात, शॉकला असतो १.५. एम१४ ला साधा पिच २ आणि शॉकचा १.५, एम१० ला साधा दीड आणि शॉकचा बहुतेक वेळा १. शॉकच्या अंगावरच लिहिलेलं असतं, गुणिले चिन्हाच्या पुढचा आकडा वाचायचा. आणि जो शॉक तुम्ही पाना लावून जबरदस्ती दोन आटे आत घातला त्याचे आटे एकदा बघून घ्या, बाहेरून ठीक वाटतात पण चेकनट फिरवला की कळतं.

भोकाचंही तसंच, साधा एम२० म्हणून साडेसतराचं ड्रिल मारलं असेल तर १.५ च्या टॅपला ते लहान पडतं, साडेअठराचं लागतं.

प्रश्न : टॅप न मारता प्लेटला प्लेन भोक करून मागेपुढे दोन नट लावले तर चालेल का? सध्या आमच्या मशीनवर टॅपिंग आहे आणि शॉक फिरू नये म्हणून बाजूने एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, टोकाने दाबणारा स्क्रू) मारलाय, पूर्वीच्या माणसाने.
– इंजिनिअर, सातपूर

उत्तर : दोन नट चालतील, ग्रब स्क्रू आजच काढा.

हे मी एवढ्या ठामपणे सांगतोय कारण हा प्रताप मी स्वतः केलेला आहे. नवीन फिटर होतो, ट्रान्सफर लाइनवरचा शॉक सारखा ढिला व्हायचा, चेकनट कमी पडतोय असं वाटलं म्हणून प्लेटमध्ये बाजूने एम६ चा ग्रब स्क्रू टाकला आणि चांगला आवळला. दुसऱ्या दिवशी रॉड आत गेला तो बाहेर आलाच नाही. शॉकची बाहेरची नळी दिसते जाडजूड पण आत पिस्टन अगदी नेमक्या फटीत चालत असतो, बाहेरून एका जागी टोचलं की आत पोक येतो आणि पिस्टन तिथे अडकतो. आमच्या फोरमनने तो शॉक कापून मला आतला पोक दाखवला, मुगाच्या दाण्याएवढा होता, आणि मग जे काही बोलला ते इथे छापण्यासारखं नाही.

फिरू द्यायचा नसेल आणि शॉक वारंवार मागेपुढे करावा लागत असेल तर स्प्लिट क्लॅम्प घ्या, मधे चिरलेला ठोकळा असतो, आतून आटे, दोन बोल्ट आवळले की सगळीकडून सारखा धरतो. जॉब बदलला की बोल्ट ढिले करा, शॉक फिरवून पुढेमागे घ्या, पुन्हा आवळा, चेकनटाशी झटापट नाही. चौकोनी फ्लँजमध्येही असा चिरलेला प्रकार मिळतो. एकदा सेट करून वर्षभर हात लावायचा नसेल तर टॅप केलेली प्लेट आणि एक चेकनट पुरे, उगाच पैसे घालवू नका. फक्त चेकनट किती आवळायचा याला मर्यादा आहे हे लक्षात असू द्या. एका जपानी कंपनीच्या कॅटलॉगात एम१४ ला साधारण ११ न्यूटन-मीटर आणि एम२० ला साधारण २४ दिलंय, म्हणजे लांब पान्याला लोंबकळायची गरज नाही, हाताच्या जोराने छोट्या पान्यावर होतं.

प्रश्न : सर, गेल्या अंकात तुम्ही दिलेल्या फॉर्म्युल्याने (वजनाचे निम्मे गुणिले वेगाचा वर्ग, अधिक सिलिंडरचा जोर गुणिले स्ट्रोक) मी हिशोब केला. वजन ४० किलो, सिलिंडर ४० बोअरचा, ६ बार, स्लाइड ४०० एमएम अर्ध्या सेकंदात जाते म्हणजे वेग ०.८, शॉकचा स्ट्रोक २५. माझ्या हिशोबाने ३२ न्यूटन-मीटर येतात आणि शॉक त्याच्या डबलपेक्षा जास्त क्षमतेचा आहे. तरी ज्या एल ब्रॅकेटवर शॉक बसवलाय (८ एमएम पट्टी, ६० रुंद, शॉकची उंची बेसपासून १००) तो हळूहळू मागे वाकतोय. शॉक कमी पडतोय का?
– मशीन बिल्डर, शिरोली एमआयडीसी

उत्तर : आकडे दिल्याबद्दल आभार, असे प्रश्न आले की उत्तर द्यायला मजा येते. शॉक कमी पडत नाहीये, पट्टी कमी पडतेय, पण त्याआधी वेगाची चूक काढू.

४०० एमएम अर्ध्या सेकंदात म्हणजे ०.८ हा सरासरी वेग झाला. सिलिंडर शून्यापासून निघतो आणि शेवटाकडे जोरात येतो, शॉकवर आदळताना वेग सरासरीच्या दीडपट तरी धरायचा, कधी कधी दुप्पटही. दीडपट धरला तर १.२. आता वजनाची ऊर्जा ४० चे निम्मे गुणिले १.२ चा वर्ग, २८.८. सिलिंडर शॉक दबतानाही मागून ढकलतच असतो, ४० बोअर ६ बारला साधारण ७५४ न्यूटन, गुणिले २५ एमएम, म्हणजे १८.८. एकूण साडेसत्तेचाळीस. तुमच्या ३२ पेक्षा दीडपट झालं, तरी शॉक क्षमतेत बसतोय.

पण ही सगळी ऊर्जा २५ एमएममध्ये अडवायची तर शॉक मागे प्लेटला तेवढ्याच जोराने ढकलणार ना. ४७.६ भागिले ०.०२५, सरासरी १९०० न्यूटन, आणि शॉक अगदी आदर्श नसतो म्हणून दीडपट धरायचं, २८५० च्या आसपास. किलोत सांगायचं तर २९० किलो. ते २९० किलो तुमच्या पट्टीच्या बुडापासून १०० एमएम उंचीवर दर ठोक्याला बसतात. ८ एमएम जाड ६० रुंद पट्टीत बुडाशी ताण येतो ४४५ मेगापास्कलच्या वर आणि साधं एमएस (माइल्ड स्टील) अडीचशेला शरण जातं. वाकणारच, अजून तुटली नाही हेच नशीब.

नुसती १२ एमएमची पट्टी लावली तर ताण दोनशेच्या जवळ येतो, कागदावर चालेल, पण दिवसाला हजारो ठोके म्हटल्यावर बुडाच्या वेल्डला एक ना एक दिवस चीर जाणार. त्यापेक्षा मागे त्रिकोणी गसेट (आधाराचा पत्रा) घाला आणि शॉक जमेल तेवढा खाली आणा. उंची १०० ची ६० केली तरी ताण चाळीस टक्के उतरतो, फुकटात. मार्केटमधले पाय असलेले फूट माउंट बहुतेक ठेंगणे असतात ते उगाच नाही.

आणि तुमच्या पत्रात स्टॉपरचा उल्लेखच नाही म्हणून विचारतो, स्लाइड शेवटी थांबते कशावर? शॉकच्या आत पिस्टन तळाला टेकून थांबत असेल तर वरचा सगळा हिशोब रद्दी. स्ट्रोक संपायच्या अर्धा ते एक एमएम आधी स्लाइड लोखंडावर टेकली पाहिजे. त्यासाठी शॉकवर चढणारी स्टॉप कॉलर घ्या, तिचं तोंड पुढे येतं, रॉड आत जाता जाता स्लाइड कॉलरला टेकते आणि तिथे थांबते. कॉलर फिरवून बारीक सेटिंगही होतं आणि दिसायला सुटसुटीत. पण ती चेकनटाने लॉक करायला विसरू नका. कॉलरचा फटका पुन्हा त्याच ब्रॅकेटवर येतो हे ध्यानात घ्या, म्हणून तुमच्या मशीनला मी वेगळा ठोकळा थेट बेडवर लावा असंच म्हणेन, ब्रॅकेट जरा जरी हलला तरी ठोकळा हलत नाही आणि पोझिशन पक्की मिळते.

प्रश्न : इंडेक्सिंग आर्मवर शॉक लावलाय, आर्म गोल फिरून येते. शॉकचा रॉड एकाच बाजूने घासलाय, एक उभी चकचकीत रेघ आहे, दुसरी बाजू नव्यासारखी. सेंटरपासून शॉक १५० एमएमवर आहे, स्ट्रोक २५. सप्लायर म्हणतो साइड लोड अॅडॅप्टर घ्या, त्याची किंमत शॉकच्या जवळपास आहे. खरंच लागतो की विकायचं काम?
– मेंटेनन्स इंजिनिअर (आणि शॉपमधली एकटीच बाई, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघतायत), अंबड

उत्तर : ताई, आधी हे की तुम्ही रॉड फिरवून फिरवून बघितलात, निम्मे लोक तेवढंही करत नाहीत. एका बाजूला रेघ म्हणजे रॉडला आडवा धक्का, साइड लोड. सगळीकडून ओरखडे असते तर घाण म्हटलं असतं.

आर्म गोल फिरते पण रॉड सरळ जातो, त्यामुळे २५ एमएमच्या प्रवासात आर्मचा कोन बदलतो. २५ भागिले १५०, तो कोन येतो जवळपास साडेनऊ अंश. आता प्रश्न असा की ते साडेनऊ अंश तुम्ही कसे वाटलेत. बहुतेक ठिकाणी काय करतात, आर्म शॉकला टेकते त्या क्षणी रॉड बरोबर काटकोनात आहे असं बसवतात, कारण डोळ्याला ते बरोबर दिसतं, आणि मग शेवटाला सगळे साडेनऊ अंश एकाच बाजूला जातात. बहुतेक कॅटलॉगांत परवानगी असते ३ ते ५ अंशांची. तुम्ही अर्धा स्ट्रोक दाबलेला असताना काटकोन येईल असं बसवा, म्हणजे सुरुवातीला पावणेपाच इकडे, शेवटी पावणेपाच तिकडे. कुठकुठल्या शॉकला हे बसेल, कुठल्याला नाही, तुमच्या मॉडेलचा आकडा बघा.

तुमचा जर ३ अंशवाला असेल तर दोन रस्ते. शॉक ३०० एमएमवर नेता आला तर कोन निम्मा होतो, मधोमध बसवला की दोन्हीकडे अडीचच्याही आत, अॅडॅप्टरची गरजच नाही, वर शॉकवर येणारा जोरही कमी होतो कारण सेंटरपासून लांब गेलात. वेग मात्र वाढतो, लांबच्या टोकाला आर्म जोरात येते, तेव्हा शॉक त्या वेगाला चालतो का ते तपासायचं. जागा नसेल तर सप्लायर खरं बोलतोय. अॅडॅप्टर म्हणजे पुढे एक जाड बाही, तिच्यात स्वतंत्र कडक प्लंजर, आर्म त्या प्लंजरला मारते, आडवा धक्का बाही खाते आणि शॉकच्या रॉडला फक्त सरळ दाब जातो. २५ अंशांपर्यंत सहन करणारे मिळतात. तो बसवताना शॉकचं बटन काढायला सांगतात, ते पत्रक वाचूनच करा, आणि प्लंजरचं तोंड जिथे आर्मवर घासतं तिथे आर्मलाही कडक तुकडा लावा, नाहीतर शॉक वाचेल आणि आर्मला खड्डा पडेल.

तर विकायचं काम नाहीये, पण आधी पाना घ्या, पाकीट नंतर.

प्रश्न : आमची कोअर शूटिंग मशीन (ओतकामासाठी वाळूचे गाभे करणारी) आहे, वाळू आणि बारीक धूळ सगळीकडे. शॉकभोवती आम्हीच पत्र्याचा डबा करून चारी बाजूंनी बंद केलाय, वरून सिलिकॉन मारलंय. धूळ थांबली पण आता शॉक हाताला चटका देतो आणि तेल झिरपतं. मिनिटाला बारा ठोके.
– फाउंड्री, गोकुळ शिरगाव

उत्तर : डबा फार प्रामाणिक केलात. शॉकचं कामच मुळी ऊर्जेची उष्णता करून हवेत सोडायचं, ती हवा तुम्ही बंद केली. समजा एका ठोक्याला ५० न्यूटन-मीटर, मिनिटाला बारा, तासाला ७२० ठोके, ३६ हजार न्यूटन-मीटर तासाला. म्हणजे दहा वॅट सतत. अंगठ्यापेक्षा थोड्या जाड लोखंडात दहा वॅटचा हीटर आणि वर डबा, त्यात फाउंड्रीची हवा उन्हाळ्यात आधीच गरम. साध्या शॉकची वरची मर्यादा साठ-सत्तर अंशांच्या आसपास असते, ती ओलांडली की आधी तेल पातळ, मग सील कडक, मग झिरपणं. कॅटलॉगात एका ठोक्याचा आकडा सगळे बघतात, त्याच्या शेजारी तासाचा आकडा असतो तो कोणी बघत नाही, आणि तो आकडा शॉक उघडा आहे असं धरून दिलेला असतो.

धूळ थांबवायची आहे फक्त रॉडची, सगळ्या शॉकची नाही. डबा काढा, रॉडवर बेलो किंवा स्टीलची वाटी लावा, शॉकचं मागचं अंग उघडं राहू द्या. जाड प्लेटमध्ये आट्यांनी घट्ट बसलेला असेल तर प्लेटही बरीच उष्णता ओढते, म्हणून पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटपेक्षा जाड ठोकळा इथे दुहेरी फायद्याचा. वाळूच्या ठिकाणी माझी पसंती वाटीला, कारण बेलोच्या चुण्यांमध्ये वाळू बसली की त्या चुण्याच एकमेकींना कापतात. मागच्या अंगावर साचलेली धूळही शिफ्ट संपताना ब्रशने झटका, ते गोधडीच आहे त्याला. एअर गनने मारू नका, धूळ उडून वाटीच्या खाली जाते.

प्रश्न : कार्टन पॅकिंग लाइनला सहा शॉक आहेत, काम उत्तम, पण दिवसभर टक टक टक. बटन बदलून आवाज कमी होतो का?
– वसई

उत्तर : हो, नायलॉनची किंवा पीयूची टोपी मिळते, लोखंडावर लोखंड आपटायचं बंद होतं. टोपीच्या जाडीने शॉक पुढे येतो, तेवढं सेटिंग मागे घ्या, नाहीतर स्टॉपरच्या आधीच शॉक आत तळाला टेकेल. आधी मात्र कान देऊन ऐका की आवाज रॉडला टेकताना येतोय की शेवटी स्टॉपरवर. शेवटी येत असेल तर टोपीने काही होणार नाही, शॉकच मऊ पडलाय.

प्रश्न : रोलिंग मिलमध्ये ट्रान्सफर ट्रॉलीसाठी मोठा शॉक आहे, लांब स्ट्रोकचा, पुढच्या फ्लँजवर बसवलाय. फ्लँजचे चारही बोल्ट दर दोन-तीन महिन्यांनी तुटतात. १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचेही, लावून झाले.
– जालना

उत्तर : फ्लँज प्लेटच्या कुठल्या बाजूला आहे ते लिहिलेलं नाही पण मी पैज लावतो, मागच्या बाजूला आहे. ट्रॉली आदळली की शॉक मागे ढकलला जातो. फ्लँज ट्रॉलीच्या बाजूला असेल तर ती प्लेटवर दाबली जाते, सगळा जोर प्लेट घेते आणि बोल्ट नुसते जागेवर धरायला. फ्लँज प्लेटच्या मागे असेल तर दर धक्क्याला ती प्लेटपासून सुटायला बघते आणि पूर्ण जोर त्या चार बोल्टांवर ताण म्हणून येतो, मग ग्रेड कुठलाही लावा. प्लेटचं भोक शॉकच्या अंगाएवढं करून फ्लँज पुढे घ्या. शॉक जड आणि आडवा आहे तर मागच्या टोकाखाली एक आधार द्या, घट्ट आवळायचा नाही, नुसतं टेकू द्यायचं, म्हणजे लोंबकळून बोल्टांना हिसके बसणार नाहीत.

प्रश्न : काका, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इन-प्लांट ट्रेनिंग चालू आहे. मला मशीन रंगवून झाल्यावर शॉक परत बसवायला सांगितलं. रॉडवर रंगाचे थेंब होते ते मी ब्लेडने काढले आणि रॉड फिरत होता म्हणून पकडीने धरून बटन आवळलं. आता सुपरवायझर बोलत नाहीयेत. काय चुकलं?
– ट्रेनी, वाळूज

उत्तर : दोन्ही चुकलं रे बाबा, पण घाबरू नकोस. रॉडवर नख फिरवून बघ. जिथे पकडीचे दात लागले तिथे नख अडकलं तर तो ओरखडा दर ठोक्याला सीलच्या ओठातून जातोय आणि थोडं थोडं तेल घेऊन बाहेर येतोय, तो शॉक बदलावाच लागेल. नख अडकत नसेल तर महिनाभर नजर ठेव, सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी रॉडवर पांढरा टिश्यू फिरवायचा, तेलाचा डाग मोठा होत गेला की सांगायचं.

रंगाच्या आधी रॉडवर मास्किंग टेप किंवा नुसती कागदाची नळी घालायची. थेंब उडालाच तर थिनरमध्ये बुडवलेल्या मऊ फडक्याने, तेही सीलजवळ थिनर जाऊ न देता. बटन आवळताना रॉड फिरत असेल तर त्याच्या टोकाला पाना लावायला सपाट बाजू आहेत का बघ, नसतील तर पत्रक काढ, पण चकचकीत भागाला दात असलेलं काहीही लावायचं नाही. शॉकच्या मागच्या तोंडाला एखादा छोटा स्क्रू दिसेल, तो तेल भरायचा असतो, कुतूहल म्हणूनही उघडू नकोस.

आणि सुपरवायझरना जाऊन स्वतःच सांग की काय केलं होतंस ते, ओरखडा नक्की कुठे आहे तेही दाखव.